पट्टीच्या फॉर्ममधलं जागावाटप

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाव एकाच मापात सांगितला जात नाही. फळभाज्यांचा दर दहा किलोंना, पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांना, अननसाचा डझनाला, मोसंबीचा तीन किंवा चार डझनांना, लिंबांचा गोणीला. गाळ्यात पट्टी करायला बसलेल्या दिवाणजींना हे कुणी सांगावं लागत नाही; त्यांच्यासमोरच्या संगणकाला मात्र सांगावं लागतं. माल बदलला की फॉर्मवरच्या 'दर' या लेबलाचं 'दर (शेकडा जुडी)' व्हायला हवं, आणि लेबल लांबलं की शेजारच्या चौकटीनं तेवढं सरकायला हवं. ती सरकली नाही तर 'दर (शेकडा जु' एवढंच दिसतं, किंवा लेबल थेट चौकटीवर चढून बसतं. कोणी सरकायचं, किती सरकायचं, कोणी जागचं हलायचं नाही, हे ठरवण्याच्या कामाला डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगमध्ये लेआउट म्हणतात. सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण हे काम शेवटच्या दिवसावर ढकलतात. फॉर्म मराठीत करायचा असेल तर ते पहिल्या दिवशी करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर नाव, गाव, माल, नग, वजन, दर, रक्कम असतं. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा होऊन निव्वळ रक्कम येते. ही पट्टी आधी स्क्रीनवर तयार होते आणि तिथेच तपासली जाते. आता समजा रक्कम १,०८,४५० आहे आणि चौकट पाच आकड्यांच्या अंदाजानं आखली आहे. आकडे उजवीकडे टेकवलेले असतात, त्यामुळे जागा कमी पडली की कात्री डावीकडून लागते आणि स्क्रीनवर '०८,४५०' उरतं. कापलेलं नाव वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. कापलेला आकडा मात्र खराच वाटतो, आणि घाईत वरचा लाख गेल्याचं कळत नाही. एक्सेलमध्ये रकाना अरुंद झाला की आकड्याऐवजी '####' उमटतं ते याचसाठी. अर्धा आकडा दाखवण्यापेक्षा आकडाच न दाखवणं बरं, असा तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. हिशोबाचा कुठलाही फॉर्म करणाऱ्यानं तो उचलण्यासारखा आहे.

आपल्याकडच्या व्यापारी सॉफ्टवेअरची एक मोठी पिढी व्हिज्युअल बेसिकवर वाढली. मायक्रोसॉफ्टनं ते १९९१ मध्ये आणलं, आणि १९९८ ची सहावी आवृत्ती पुढे वर्षानुवर्षं दुकानादुकानांत चालत राहिली. त्यात फॉर्म करणं म्हणजे माउसनं चौकटी ओढून ठेवणं. प्रत्येक चौकटीला चार आकडे मिळत: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. माप 'ट्विप'मध्ये असे. १४४० ट्विप म्हणजे एक इंच, आणि नेहमीच्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर १५ ट्विप म्हणजे एक पिक्सेल. तासाभरात फॉर्म उभा राही, आणि यात मोठीच सोय होती हे मान्य करायला हवं. पण हे चारही आकडे एका विशिष्ट पडद्यावर, एका विशिष्ट फॉन्टमध्ये आणि एका विशिष्ट मजकुरासाठी ठरलेले असत. तिन्हीपैकी काहीही बदललं की आकडे चुकीचे ठरत. खिडकी मोठी केली तर सगळ्या चौकटी डाव्या-वरच्या कोपऱ्यात गोळा होऊन राहात आणि उरलेला पडदा करडा दिसे. तो भरायचा तर प्रत्येक चौकटीची नवी जागा हातानं मोजून देणारा कोड लिहावा लागे. २००२ मध्ये डॉटनेटबरोबर विंडोज फॉर्म्स आलं तेव्हा 'अँकर' आणि 'डॉक' मिळाले, म्हणजे चौकटीची अमुक कड खिडकीच्या अमुक कडेशी बांधता येऊ लागली. ओळी-रकान्यांचं टेबल लेआउट तिथे यायला २००५ उजाडलं.

इंग्रजी फॉर्मचं या चार आकड्यांवर बरंचसं निभावतं. मराठीचं निभावत नाही, आणि त्याचं कारण अक्षरांच्या उभ्या बांधणीत आहे. 'मार्केट' हा शब्द घ्या. त्यातल्या 'र्के'मध्ये एकट्या क च्या डोक्यावर रफार आणि मात्रा दोन्ही बसतात. 'पट्टी' घ्या. पारंपरिक वळणाच्या फॉन्टमध्ये ट खाली ट अशी जोडणी होते, म्हणजे अक्षर ओळीच्या खाली उतरतं आणि वर वेलांटीही असते. चौकटीची उंची 'Market' या रोमन अक्षरांच्या मापानं ठरवली असेल तर वरून रफार जातो नाहीतर खालून ट छाटला जातो. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला आणि मराठी सरळ टाइप करता येऊ लागली, पण त्याच पॉइंट साइझला मंगलची ओळ रोमन फॉन्टच्या ओळीपेक्षा बरीच उंच असते. त्यामुळे जुन्या फॉर्मवर नुसता फॉन्ट बदलून मराठी आणणाऱ्यांचा सगळा फॉर्म एका दिवसात छाटला गेला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. त्याची मापं आणखी वेगळी.

आडव्या दिशेलाही असाच घोळ आहे. जुनी सवय अशी की तीस अक्षरांचं नाव, दर अक्षरी आठ पिक्सेल, म्हणून चौकट २४० पिक्सेल. पण संगणकाच्या दृष्टीनं 'मार्केट'मध्ये सात चिन्हं आहेत (म, काना, र, हलन्त, क, मात्रा, ट) आणि डोळ्याला दिसतात ती तीन अक्षरं: मा, र्के, ट. 'हिशोबपट्टी'मध्ये चिन्हं दहा, दिसणारी अक्षरं पाच. चिन्हं मोजून रुंदी काढली तर ती कधी दुप्पट निघते, कधी अपुरी. खरी रुंदी कळते ती जोडाक्षरं जुळवून झाल्यावर, म्हणजे मजकूर प्रत्यक्ष आकाराला आल्यावरच. म्हणून ती प्रोग्रॅमरनं अंदाजानं लिहायची नसते, यंत्रणेला विचारून घ्यायची असते.

आजच्या बहुतेक साधनांत लेआउटचा पाया याच विचारण्यावर आहे. पहाटे गाळ्यासमोर माल उतरवून घेणारा माणूस काय करतो ते पाहा. गाड्या लागल्या की तो पहिल्यांदा विचारतो, कुणाचे किती डाग? सगळ्यांचा अंदाज घेतो, समोर जागा किती आहे ते बघतो, आणि मग सांगतो की कोबी इथे लावा, मेथी तिकडे. पहिल्याच गाडीवाल्याला हवी तेवढी जागा देऊन टाकली तर शेवटच्याचा माल रस्त्यावर येतो. लेआउटची यंत्रणा हेच दोन फेऱ्यांत करते. पहिल्या फेरीत खिडकी आपल्यातल्या पॅनेलना विचारते, पॅनेल आपल्यातल्या चौकटींना, आणि प्रत्येक जण आपल्याला किती जागा लागेल ते वर कळवतो. दुसऱ्या फेरीत वरून खाली प्रत्यक्ष वाटप होतं. डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, या फेऱ्यांची नावंच 'मेजर' आणि 'अरेंज' अशी आहेत. त्याच्या कितीतरी आधी बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी 'टीके' तयार केलं, त्यातही नियम हाच: चौकटीनं फक्त मागणी नोंदवायची, जागा देण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. पायथॉन शिकणारी मुलं 'टीकेइंटर' वापरतात तेव्हा तेच टीके वापरत असतात.

मागणी नोंदवायची म्हणजे एकच आकडा सांगून भागत नाही. किमान किती, साधारण किती हवं, आणि जास्तीत जास्त किती, असे तीन आकडे लागतात. जावाच्या स्विंगमध्ये हे तिन्ही उघड असतात. नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटीमध्ये चौकट आपलं पसंतीचं माप कळवते आणि सोबत धोरणही सांगते: 'फिक्स्ड' म्हणजे एवढंच, 'प्रेफर्ड' म्हणजे हे बरं पण कमीजास्त चालेल, 'एक्स्पांडिंग' म्हणजे उरेल ते मला द्या. यात 'मिनिमम' या धोरणानं नवशिके हमखास फसतात. त्याचा अर्थ 'मला कमीत कमी जागा द्या' असा नाही; 'माझं पसंतीचं माप हेच किमान धरा, त्याखाली आणू नका' असा आहे.

आता पट्टीच्या फॉर्मवर हे लावून बघू. नग, वजन, दर आणि रक्कम या रकान्यांची रुंदी सगळ्यांत मोठ्या शक्य आकड्यावरून ठरते, म्हणून ते ताठ: ६०, ९०, ८० आणि १३० पिक्सेल, एकूण ३६०. शेतकऱ्याचं नाव आणि मालाचं नाव हे लवचीक. उरलेल्या जागेत त्यांचा वाटा तीनास एक. खिडकी १००० पिक्सेल रुंद असेल तर ६४० उरतात. नावाला ४८०, मालाला १६०. खिडकी ७०० वर आणली तर ३४० उरतात आणि सरळ वाटणीनं मालाच्या वाट्याला ८५ येतात. त्यात 'ढोबळी मिरची' काही मावणार नाही. म्हणून मालाच्या रकान्याला किमान १२० दिलेले असावेत. मग यंत्रणा १२० त्याच्यासाठी बाजूला काढते आणि नावाला २२० देते. ३६०, १२० आणि नावाचं किमान यांची बेरीज हेच खिडकीचं किमान. त्याखाली खिडकी अरुंदच होऊ द्यायची नाही, किंवा आडवी सरकपट्टी देऊन सरकवता येऊ द्यायची. हा निर्णय कुणीच घेतला नाही तर कात्री रकमेवर येते, कारण ती ओळीत शेवटी असते.

हेच 'तीनास एक' सगळीकडे सारखं वागत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. डब्ल्यूपीएफमध्ये ताठ रकाने बाजूला काढल्यावर उरलेली सगळी जागा तीनास एक वाटली जाते. टीकेच्या ग्रिडमध्ये आधी प्रत्येकाची मागणी पुरवली जाते आणि त्यानंतर जे शिल्लक राहील तेवढंच तीनास एक वाटलं जातं. त्यामुळे एकाच आकड्यांचे दोन फॉर्म दोन साधनांत वेगळे दिसतात, आणि माणूस तासन्तास आकडे बदलत बसतो. जावाच्या ग्रिडबॅगमध्ये वाट्याचा आकडा दिलाच नाही तर तो शून्य धरला जातो, आणि सगळ्या चौकटी खिडकीच्या मधोमध घोळका करून उभ्या राहतात. शिवाय पसंतीचं माप एका पिक्सेलनंही मावेनासं झालं की ग्रिडबॅग किमान मापावर उतरतो. किमान दिलं नसेल तर नावाची लांबलचक चौकट क्षणात चिंचोळी होते. ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं त्याला प्रोग्रॅम बिघडल्यासारखंच वाटतं.

उभ्या दिशेची गोम निराळी. रविवारी आवक मोठी असते आणि एका शेतकऱ्याच्या पट्टीत मालाच्या बऱ्याच ओळी येऊ शकतात. यादी लांबली की तिच्या कडेला सरकपट्टी यावी आणि खालची निव्वळ रक्कम कायम दिसत राहावी अशी अपेक्षा असते. डब्ल्यूपीएफमध्ये ही यादी स्टॅकपॅनेलमध्ये ठेवली तर ते होत नाही. स्टॅकपॅनेल यादीला विचारतो, 'उंचीची मर्यादा नाही, तुला किती हवी?' यादी आपल्या सगळ्या ओळींची उंची सांगते. मागितलं ते मिळालं म्हटल्यावर तिला सरकपट्टीची गरजच वाटत नाही, ती खिडकीबाहेर वाढत जाते आणि निव्वळ रक्कम पडद्याखाली जाते. उपाय एका ओळीचा आहे: यादी ग्रिडमध्ये ठेवायची, तिच्या ओळीला 'उरेल ते' द्यायचं, रकमेच्या ओळीला 'लागेल तेवढं'. पण पहिल्या फेरीत अमर्याद जागा कोण देतंय हे समजल्याशिवाय तो सुचत नाही.

इथवर मजकुराच्या गरजेप्रमाणे जागा द्यावी असं म्हणत आलो. त्याला एक मर्यादा आहे, आणि ती दिवाणजींच्या हातात आहे. दिवसभर तोच फॉर्म भरणारा माणूस चौकटी शोधत नाही. नजर आणि बोटं सवयीनं जागेवर जातात. माल मेथी निवडला की लेबल लांबून सगळ्या चौकटी उजवीकडे उडी मारतात, टोमॅटो निवडला की परत येतात, असा फॉर्म नियमानं बरोबर असला तरी वापरायला त्रासाचा. म्हणून जे लेबल बदलणार आहे त्याची जागा त्याच्या सगळ्यांत लांब रूपाइतकी आधीच राखून ठेवावी. शक्य ती सगळी लेबलं सुरुवातीला एकदा मोजायची आणि सर्वांत रुंद असेल ते माप धरायचं. जीटीकेमध्ये 'साइझग्रुप' आणि डब्ल्यूपीएफमध्ये 'शेअर्ड साइझ ग्रुप' अशी सोय आहे; वेगवेगळ्या पॅनेलमधली लेबलं एका गटात घातली की सगळी गटातल्या सर्वांत रुंद लेबलाइतकी होतात आणि चौकटी एका रेषेत येतात. माप यंत्रणेनंच काढलेलं असतं, फक्त ते स्थिर केलेलं असतं.

फॉर्ममधले रकाने काही कायमचे नसतात, याचा धडा बाजार समित्यांच्या सॉफ्टवेअरला कायद्यानंच दिला. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतली वजावटीची एक ओळ गेली आणि खरेदीदाराच्या बिलात एक ओळ वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पुढे १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर लागला आणि भुसार विभागातल्या बिलांत नव्या रकान्यांची भर पडली. चार-चार आकड्यांनी खिळलेल्या फॉर्ममध्ये मधली एक ओळ काढायची तर खालच्या प्रत्येक चौकटीचा 'वरून किती' बदलावा लागतो. ओळी-रकान्यांच्या लेआउटमध्ये ओळ काढली की खालच्या आपोआप वर येतात. हा फरक कायदा बदलतो त्या आठवड्यात कळतो.

याहून पुढे गेलेली एक वाट आहे. जागा नेमून द्यायची नाही, रकान्यातही बांधायचं नाही, नुसती नाती सांगायची: या चौकटीची डावी कड त्या लेबलाच्या उजव्या कडेपासून आठ पिक्सेलांवर, या दोघांची रुंदी समान, ही त्याहून लहान नको. उरलेलं गणित यंत्रणेनं सोडवायचं. नात्यांवरून चित्र उभं करण्याची कल्पना १९६३ मध्ये इव्हान सदरलंड यांच्या स्केचपॅडमध्ये होती. ग्रेग बॅड्रोस, ॲलन बोर्निंग आणि पीटर स्टकी यांनी २००१ मध्ये सविस्तर मांडलेल्या कॅसोवेरी या रीतीनं ती खिडक्यांसाठी पुरेशी वेगवान झाली. तिच्या मुळाशी जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत आहे. ॲपलनं २०११ मध्ये मॅकवर आणलेलं ऑटो लेआउट याच रीतीवर उभं आहे. त्यात प्रत्येक चौकटीला दोन क्रमांक असतात: आपल्या मजकुरापेक्षा मोठं व्हायला ती किती नाखूश आहे आणि लहान व्हायला किती. सर्वसाधारणपणे पहिल्याचा क्रमांक २५० आणि दुसऱ्याचा ७५० असतो, म्हणजे ताणणं सोपं, छाटणं अवघड. हा क्रम मला फार शहाणा वाटतो. पट्टीसारख्या फॉर्मला मात्र नात्यांचं एवढं जाळं लागत नाही. चांगलं ग्रिड पुरतं आणि चूक शोधायलाही सोपं जातं.

पडद्याचं मोठेपणही गृहीत धरता येत नाही. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप गाळ्यात ठेवला आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून विंडोजचं प्रमाण १२५ टक्के केलं, की फॉर्मच्या हिशोबानं पडदा जेमतेम १०९२ बाय ६१४ उरतो. ७६८ उंचीसाठी आखलेल्या फॉर्मचं 'जतन करा' बटण मग टास्कबारच्या खाली गेलेलं असतं. विंडोजच्या जुन्या संवादखिडक्यांत यावर एक चांगली तोड होती: माप पिक्सेलमध्ये न देता फॉन्टच्या सरासरी अक्षररुंदीच्या चौथ्या भागात आणि अक्षरउंचीच्या आठव्या भागात द्यायचं. फॉन्ट वाढला की खिडकीही वाढे. म्हणून फॉर्म तपासताना मी तीन गोष्टी करून बघायला सांगतो. प्रमाण १५० टक्के करा. खिडकी ओढून जाईल तितकी अरुंद करा. आणि चौकटींत 'टोमॅटो' आणि '१००' असे सोयीचे नमुने न घालता लांब जोडगावाचं नाव, 'र्के' आणि 'ट्टी' असलेला मजकूर आणि लाखाच्या पुढची रक्कम घाला.

ठरीव मापं जिथे अगदी योग्य आहेत अशी एक जागा त्याच टेबलावर असते: प्रिंटर. अडत्याच्या नावाची, आधी छापून घेतलेली पट्टी डॉट मॅट्रिक्सवर चढवली की निव्वळ रक्कम कागदाच्या कडेपासून ठरलेल्या मिलिमीटरवरच पडायला हवी. कागदावरची चौकट कुणाला विचारून सरकत नाही. तिथे ताणणं-आखडणं बंद करून लांब नाव दुसऱ्या ओळीत न्यायचं किंवा त्या एका नावापुरता फॉन्ट लहान करायचा. त्यासाठी स्क्रीनचा फॉर्म आणि छपाईचा नमुना कोडमध्ये वेगळे ठेवावे लागतात. स्क्रीनचंच चित्र प्रिंटरला धाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच्या दुरुस्तीनं दुसरं बिघडत राहतं.